सांगलीत बनतेय सर्फिंगची लाकडी फळी (काम चालू आहे, सल्ले द्या)

खाडाखोड | २ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. शीर्षक वाचून आधी हसून घ्या, मग खाली या. घरच्यांचं हसून झालंय.

मी सांगलीचा. गावाला नदी आहे, पूर आहे, मगरी आहेत. समुद्र तेवढा नाही. झालं असं की मुलगी मंगळूरला शिकते. दिवाळीनंतर तिला भेटायला गेलो तर तिने मला धरून मुळकीला नेलं. तिथे शांभवी नदीच्या मुखाजवळ लाटांवर उभं राहायला शिकवतात. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला त्या पोरांनी फळीवर पालथं झोपवलं, मागून ढकललं आणि ओरडले, "अंकल, उठा!" उठलो. मोजून तीन सेकंद. मग नाकातोंडात खारं पाणी आणि दाताखाली वाळू. पण ते तीन सेकंद काही डोक्यातून जाईनात.

फळी विकत मिळते, माहीत आहे. पण वडील सुतारकाम करायचे आणि मी स्वतः कुपवाडला एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये आहे. लाकडाला आकार देणं हीच भाकरी. त्यामुळे हात शिवशिवतात.

बेत असा: लांबी ९ फूट ६ इंच, रुंदी २३ इंच, मधली जाडी सव्वातीन इंच. आतून पोकळ. मधोमध ४ मिमी मरीन प्लायचा कणा, त्याला आडव्या फासळ्या, मासळीचा सांगाडा असतो तसा. त्यावर वर आणि खाली ५ मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्यांची कातडी. सगळ्यावर फायबरचं कापड आणि इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारं रेझिन). प्लाय आयएसआय ७१० चा, म्हणजे खरा मरीन, टिंबर एरियातून आणलाय. सांगाड्याचे कागदी नमुने तयार आहेत.

अडलंय ते लाकडावर. परदेशी लोक बाल्सा, पॉलोनिया, सिडार वापरतात. यातलं इथे काय मिळणार? सागवान जड. शिवण बरी, पण अजून हलकं हवं. सुचवा.

---

भडंगवाला | २ फेब्रुवारी, रात्री ११:०५

नाद खुळा! पण दादा, चालवणार कुठं? आयर्विन पुलाखाली लाटा यायच्या म्हणजे पाणी पंचेचाळीस फुटावर जायला लागतंय, आणि तवा आमी सगळी सामान गच्चीवर चढवत असतोय.

---

शंकासुर | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:१२

कृष्णेत घालणार असाल तर आधीच सांगा. औदुंबर-भिलवडीपासून खाली सांगलीपर्यंत मगरी आहेत. पालथं झोपून हातपाय बाहेर सोडलेला माणूस खालून कसा दिसतो याचा विचार करा.

---

खाडाखोड | ३ फेब्रुवारी, दुपारी १:३०

नदीत अजिबात नाही. मगर हे एक कारण झालं. पात्रातले भोवरे आणि गाळ हे दुसरं. आणि पुरात ही फळी कामाला येईल असं काल शेजारचे म्हणाले, त्यांनाही सांगितलं की ही एका माणसाची खेळायची वस्तू आहे, बचावाची नाव नव्हे. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली, ते इथे कुणी विसरलेलं नाही.

समुद्रावरच नेणार. लाकडाचं बोला.

---

मिरजेची खुंटी | ३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

तून घ्या.

आमची हयात तंबोरे-सतारी करण्यात गेली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, पण तबली (भोपळ्यावरची पातळ फळी), दांडी, गळा हे सगळं तुनीचं. हलकी, सरळ नसेची, रंध्याला गोड, आणि किडा सहसा लागत नाही. आमचे वाडवडील मूळचे शिकलगार, हत्यारं घासणारे. राजेरजवाड्यांची हत्यारं गेली तसे वाद्यांकडे वळले, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. तेव्हापासून परगावचे लोक तुनीचं नाव विचारायला लागलेत, नाहीतर आधी कोण विचारत होतं.

तुम्ही सांगता ती वस्तू म्हणजे आमच्या डोळ्यांना तंबोराच आहे. पातळ लाकूड, आत पोकळी, आणि सांधा हवाबंद. फरक एवढाच की आमचा पाण्यात गेला तर आम्ही रडतो.

लाकूड वाळलेलं घ्या. वखारवाला "वाळलंय" म्हणेल. त्याच्यावर जाऊ नका.

---

खाडाखोड | ४ फेब्रुवारी, रात्री १०:१५

चाचा, दंडवत. तून डोक्यातच आली नव्हती. शोधल्यावर कळलं की ऑस्ट्रेलियात ज्याला रेड सिडार म्हणतात ते झाड आणि आपली तून एकच! तिकडे त्याच्या नावा झाल्या, कपाटं झाली. आणि मी कॅनडाचा सिडार मुंबईत मिळतो का बघत बसलो होतो.

वाळल्याची परीक्षा घरीच केली. वखारीतल्या फळीचा बोटभर तुकडा सोन्याच्या काट्यावर तोलला (पेढी मित्राची), मग ओव्हनमध्ये शंभरच्या थोडं वर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवला, पुन्हा तोलला. कोरड्या वजनाच्या अठरा टक्के पाणी निघालं. हवं दहा-बाराच्या आत. म्हणजे "वाळलंय" म्हणणाऱ्याचं तेच झालं. ओव्हनला तुनीचा वास बसलाय आणि बायको बोलत नाहीये.

पट्ट्या चिरून माळ्यावर खाली-मध्ये काड्या घालून रचल्यात. महिनाभर थांबतो.

---

शंकासुर | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

बाजूच्या गोल कडा कशाच्या करणार? ५ मिमीची पट्टी तिथे वळणार नाही. भरीव लाकूड लावून रंध्याने गोल करायचं तर वजन वाढेल.

---

भरती-ओहोटी | ५ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

पांगारा बघा. मी रत्नागिरीची, पण माहेर सावंतवाडीचं. आमच्याकडची ती रंगीत लाकडी फळं आणि खेळणी पूर्वापार पांगाऱ्याची, कारण लाकूड एकदम हलकं आणि मऊ. आमचे आजोबा गरीला बांधायचे तरंगसुद्धा त्याचेच करत.

आणि एक गंमत. जुन्या हवाई बेटांवर सरदार लोकांच्या लांबच लांब फळ्या असत, त्यांना ओलो म्हणत. त्या विलीविली नावाच्या झाडाच्या करत. ते विलीविली आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं, सख्खं चुलत भावंड. सामान्यांना कोआच्या जड लाकडाच्या आखूड फळ्या, आणि हलकं लाकूड राजघराण्याला. तुमच्या बांधावर लाल फुलांनी पेटलेलं जे काटेरी झाड कुंपण म्हणून उभं आहे ना, त्याचा मान तिकडे असा होता.

---

बेदाणा | ५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

पांगारा पाहिजे तर आमच्याकडून घेऊन जा. तासगावजवळ मळ्याच्या कडेला वाऱ्याने पडलेलं एक खोड आहे. मात्र आज-उद्याच चिरा. पांगारा पडून राहिला की आठ दिवसांत निळा पडतो आणि भुंगे लागतात.

---

खाडाखोड | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५०

बेदाणा, परवा आलो आणि घेऊन गेलो. शिवाय तुमच्या आईंनी दिलेला बेदाणाही. खोड तसंच टेम्पोत टाकून वखारीत चिरलं. ओलं असताना हाताला जड लागत होतं, आता दोन दिवसांत हलकं व्हायला लागलंय. हे नख रुतेल इतकं मऊ आहे. उघड्यावर पाण्यात ते टिकणार नाही. पण कापड आणि इपॉक्सीच्या आत, कडेला भर म्हणून, याहून चांगलं काय मिळणार?

भरती-ओहोटी ताई, हवाईचं वाचून त्या पुढचंही वाचत बसलो. १९२६ च्या सुमारास टॉम ब्लेक नावाच्या माणसाने होनोलुलूच्या संग्रहालयातल्या त्या जुन्या ओलो फळ्या दुरुस्त केल्या. मग तशीच स्वतः करायला घेतली, तेव्हा वजन उतरवायला फळीला शेकडो भोकं पाडली आणि वरून बंद केली. पुढे त्याने आत फासळ्या घालून पोकळ फळी केली आणि १९३२ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. फळीखाली पहिला पंखाही (शेपटीकडची उभी पाती, फिन) त्यानेच १९३५ मध्ये लावला. त्या आधी लोक मागचा पाय पाण्यात घालून वळत. म्हणजे मी करतोय त्यात नवीन काहीही नाही, शंभर वर्षं जुनी भानगड आहे. थर्माकोलसारख्या फोमच्या फळ्या आल्या त्या १९५८ च्या आसपास, आणि लाकूड मागे पडलं.

---

खाडाखोड | २३ मार्च, रात्री ९:००

महिना-दीड महिना गप्प होतो, कारण काम.

सांगाडा एका सरळ पाटावर उलटा बसवला. टोकाला वर आणि शेपटीला थोडं, असा जो बाक लागतो तो पाटावर ठोकळे देऊन आणला. हा बाक चुकला तर फळी लाटेत नाक खुपसते, म्हणून दोऱ्याने आणि ओळंब्याने तीन-तीनदा तपासला. तुनीच्या पट्ट्या कडेला कड लावून आधी सपाट चादर केली, खाली-वर प्लास्टिक अंथरून. मग ती चादर फासळ्यांवर चिकटवून शिकंज्यांनी दाबली. शिकंजे अठरा, लागले तीस. उरलेली कामं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चिरलेल्या पट्ट्यांनी केली, आणि खरं सांगायचं तर त्याच जास्त चांगला दाब देतात.

कडा पांगाऱ्याच्या, तीन-तीन तुकडे एकावर एक. परवा रंधा मारायला घेतला. पॅटर्न शॉपमध्ये पंचवीस वर्षं झाली, पण असं लाकूड हाताला आलं नव्हतं. रंध्यातून भुसा नाही, रेवडीवरची साखर पडावी तसं पांढरं काहीतरी पडत होतं. धार जराशी जरी बोथट झाली की मात्र तंतू उपटतो. दर दहा मिनिटांनी दगडावर घासून घेत होतो.

आज वरची कातडी बसवली. डबा बंद.

---

शंकासुर | २३ मार्च, रात्री ९:२६

सुंदर. पायाला बांधायची दोरी (लीश) फळीला कुठे अडकवणार? ५ मिमीच्या कातडीला नुसती कडी लावलीत तर पहिल्याच लाटेत उपटून येईल. आत भरीव ठोकळा ठेवलाय ना?

---

भडंगवाला | २४ मार्च, सकाळी ७:००

धागाकर्ते गप झाले.

---

भडंगवाला | २५ मार्च, सकाळी ७:०३

अजून गप हायत.

---

खाडाखोड | २६ मार्च, रात्री ११:४०

ठेवला नव्हता.

शेपटीकडे वरची कातडी चार बाय सहा इंच कापून काढली, खाली पांगाऱ्याचा ठोकळा बसवला, कापलेला तुकडा परत जागच्या जागी. जोड दिसतो. पंख्यासाठी ठोकळा मात्र आधीच ठेवला होता, एवढीच अब्रू. शंकासुर, तुम्ही हे पंधरा दिवस आधी विचारलं असतं तर तुम्हाला घरी बोलावून भडंग खाऊ घातलं असतं.

आता कापड आणि केमिकल. इथल्या एका फायबरवाल्याकडे गेलो. त्याने फायबरची चटई दिली, केमिकल दिलं आणि वर म्हणाला, "हार्डनर जरा जास्त घाला, लौकर वाळतंय."

---

कुपवाडकर | २७ मार्च, सकाळी ६:३०

थांबा! लावू नका!

मी वीस वर्षं फायबरच्या टाक्यांत आहे. तुम्हाला दिलं ते पॉलिस्टर रेझिन असणार. आमच्या टाकीला ते चालतं, कारण साचा आमचा आणि माल जाड. लाकडावर पॉलिस्टर वर्ष-दोन वर्षांत पापडासारखं सुटतं. लाकडाला इपॉक्सीच.

इपॉक्सीला ती चटई चालत नाही. चटईतले तुकडे ज्या पावडरीने धरलेले असतात ती पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळते. इपॉक्सीत विरघळत नाही. चटई पांढरीची पांढरी राहील आणि तुम्ही रोलर मारून दमाल. विणलेलं कापड घ्या, २०० ग्रॅमचं. वरच्या बाजूला, जिथे उभं राहणार तिथे, दोन थर. खाली एक पुरे.

आणि "हार्डनर जास्त" ही आमच्या पॉलिस्टरची सवय. तिथे तो टक्का-दोन टक्के असतो, कमी-जास्त केला तर वेळ बदलते. इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनचा जोडीदार आहे. जास्त झाला तर उरलेला तसाच राहतो आणि माल कायमचा चिकट.

---

रसायनताई | २७ मार्च, दुपारी १२:१०

कुपवाडकरांशी पूर्ण सहमत. शाळेत रसायन शिकवते म्हणून थोडी भर. इपॉक्सीत दोन्हींचे रेणू ठरलेल्या प्रमाणात एकमेकांना बांधले जातात, लग्नात जोड्या लागाव्यात तशा. एका बाजूचे जास्त झाले तर त्यांना जोडीदार नाही. डब्यावर लिहिलेलं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, तेही पाहा. दोन्हीत फरक पडतो.

जास्त माल एकाच मगात कालवू नका. तापतो, तापला की आणखी लवकर बांधतो, म्हणजे आणखी तापतो. शेवटी धूर. कालवला की पसरट ट्रेमध्ये ओता.

नायट्राइलचे हातमोजे हवेतच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात बसली की जात नाही. हाताला लागलंच तर थिनरने पुसू नका, ते कातडीतून आत जायला मदत करतं. साबण आणि पाणी. घासताना नाकाला चांगला मास्क, फडकं नव्हे.

अवांतर: पॉलिस्टरवाल्यांनी कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नये. स्फोट होतो.

---

खाडाखोड | १३ एप्रिल, दुपारी ३:४५

कापड २०० ग्रॅमचं विणलेलं, इपॉक्सी मुंबईहून कुरिअरने. काटा आणला. सगळं तुम्ही सांगितलं तसं. तरी घोळ केलाच.

आज रविवार, म्हणून सकाळी दहाला पत्र्याच्या शेडमध्ये खालच्या बाजूला पहिला पातळ हात मारला. अकरा वाजता आरसा झाला होता. बाराला पाहतो तर सगळीकडे बुडबुडे, साबुदाण्याच्या खिचडीसारखे. एक फोडला तर शेजारी दोन. आता तीन वाजलेत आणि सगळं तसंच घट्ट झालंय. काय चुकलं?

---

मिरजेची खुंटी | १३ एप्रिल, दुपारी ४:३०

ऊन चढत असताना लाकडाला कधी लेप देऊ नये. आम्ही चपड्याचं पॉलिश सुद्धा सकाळी चढत्या उन्हात करत नाही. लाकूड तापलं की श्वास सोडतं. ऊन उतरताना ते श्वास आत घेतं, तेव्हा लेपही आत ओढून घेतं.

---

रसायनताई | १३ एप्रिल, संध्याकाळी ५:००

चाचांनी एका ओळीत सांगितलं. छिद्रांतली हवा गरमीने फुगते आणि ओल्या थरातून बाहेर येते. दिवे लागल्यावर करा, आणि आतली हवा जायला कुठेतरी भोक उघडं ठेवा. मात्र चाळीस अंशांत माल लवकर बांधतो हे धरून चला. दहा अंश वाढले की वेळ साधारण निम्मी होते.

---

खाडाखोड | २० एप्रिल, पहाटे १:१५

झालं. झोप येत नाहीये म्हणून लिहितो.

बुडबुडेवाला थर आठवडाभर पॉलिश पेपरने घासून काढला. आज दुपारपासून फळी शेडमध्ये तापत ठेवली आणि सात वाजता, पत्रा थंड व्हायला लागल्यावर, सुरुवात केली. आधी लाकूड पिऊन घेईल तेवढा पातळ हात. तो चिकट असतानाच कापड अंथरलं. कापड म्हणजे काय, पांढरं स्वच्छ, लग्नातल्या अंतरपाटासारखं. खाली तून दिसेनाशी झाली. मुलगी सुट्टीला आलीय, ती कालवून देत होती, दोनशे ग्रॅमच्या वर एकदाही नाही. बायको घड्याळ लावून वेळ ओरडत होती. (हो, बोलायला लागलीय.)

मधोमध ओतलं आणि रबरी पट्टीने कडेकडे ओढायला लागलो. आणि ते जे दिसलं! ओलं होईल तसं कापड नाहीसं होत गेलं. पट्टी पुढे जाईल तिथे पांढरं जाऊन खालून तून वर येत होती, आणि ती माळ्यावरची मातकट तून नव्हे. कुंकवात हळद पडल्यासारखी लालसर, प्रत्येक नस वेगळी. मुलगी म्हणाली, "बाबा, फोटो धुताहेत असं वाटतंय."

जोरात ओढलं की कापड कोरडं पडून चंदेरी दिसतं. हात हलका ठेवला तर खाली माल साचून कापड तरंगतं. मधलं काय ते दहा मिनिटांनी हाताला कळायला लागलं. टोकांना कापडाला काप दिले नाहीत तर चुण्या पडतात, ते आधी जुन्या चादरीवर करून पाहिलं होतं. कडेवरून दोन-दोन इंच खाली वळवलं.

आठ पस्तीसला लाईट गेली.

अर्धी बाजू ओली, अर्धी पांढरी, आणि ट्रेमध्ये माल. तिघींनी (शेजारच्या काकू पण आल्या) मोबाइलचे उजेड धरले. तिरक्या उजेडात चंदेरी डाग उलट जास्त स्पष्ट दिसतात, हे फुकट शिकलो. नऊ दहाला संपलं. मग उजेडाला आलेला एक डास नाकापासून फूटभर अंतरावर बरोब्बर मध्ये बसला. चिमट्याने काढायला गेलो तर पाय तुटायला लागले. सोडून दिला. आता तो तिथेच राहणार.

---

भडंगवाला | २० एप्रिल, सकाळी ८:००

डासाचं बारसं करा.

---

शंकासुर | २१ एप्रिल, रात्री १०:००

अभिनंदन. आता दोन हिशेब.

एक: तुमची फळी ब्याऐंशी लिटरची धरली आणि वजन पंधरा किलो, तर ती फार तर सदुसष्ट किलो पेलेल. तुम्ही किती?

दोन: आतली हवा. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथे झाकण घट्ट लावून फळी रत्नागिरीला नेली तर तिथे बाहेरचा दाब साधारण सहा टक्क्यांनी जास्त असेल. किरकोळ वाटतं, पण तुमच्या फळीची एक बाजू सव्वा चौरस मीटरच्या वर आहे. गणित केलं तर त्या बाजूवर आठशे किलोच्या आसपास भार येतो. उलट, किनाऱ्यावर उन्हात तापली तर तेवढाच आतून बाहेर. फासळ्यांचं फेविकॉल काय म्हणेल?

---

खाडाखोड | २२ एप्रिल, रात्री ९:३०

एकाचं उत्तर: मी अठ्ठ्याहत्तर. पालथं पडल्यावर छाती आणि पाय थोडे पाण्यात असतात, तेवढा भार पाणी परस्पर उचलतं. आणि उभं राहायचं ते लाट ढकलू लागल्यावरच. तेव्हा वेगाने फळी पाण्याच्या वर येते, पाण्यावर सपाट दगड उड्या मारतो ना, तशी. थांबली की बुडतेच.

दोनाचं उत्तर: पितळेचा आट्याचा स्क्रू बसवलाय, रबरी वॉशरसकट. पाण्यात जाताना बंद, बाकी सदैव उघडा. आठशे किलो वाचून मात्र पोटात गोळा आला.

---

कुपवाडकर | २ मे, सकाळी ६:४५

शेवटचे हात मारताना ध्यानात ठेवा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा पातळ तवंग येतो. तो पाण्याने आणि भांडी घासायच्या घासणीने धुवा, मगच घासा. नाहीतर पेपरला गच बसतो आणि वरचा थर धरत नाही. पाऊस लागायच्या आत संपवा. आणि नुसतं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून पिठूळ होतं. वरून उन्हाला टिकणारं पीयू क्लिअर (पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप) मारा.

---

खाडाखोड | २५ मे, रात्री ८:५०

संपली. ८० पासून ४०० पर्यंत पेपर, शेवटचा पाण्यातून. खाज तीन दिवस. पीयू गाडी रंगवणाऱ्या मित्राकडून फवारून घेतलं. वजन १४ किलो ८००. फोमची याच्या निम्म्यात होते. खर्च साडेएकवीस हजार, त्यात वाया गेलेली चटई आणि पॉलिस्टर धरून.

बेदाणा यांच्या शेततळ्यात तरंगवून पाहिली. वाचणाऱ्यांनी हे कृपया असंच करू नये: तळ्याचं प्लास्टिक ओलं झालं की शेवाळाहून निसरडं, आत पडलेल्या माणसाला वर येता येत नाही. कमरेला दोर, दोराला दोन माणसं, अंगात लाइफ जॅकेट असा लवाजमा होता. फळी उजव्या बाजूला कणभर कलते. लीशचा ठोकळा मधोमध बसला नाही, त्याचा प्रताप.

आता पावसाळाभर घरात. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर शिकलेल्यानेही उतरू नये, शिकाऊने तर नाहीच.

---

रसायनताई | २६ मे, सकाळी १०:००

देखणी असणार! पण एक खवचट प्रश्न. लाकडी म्हणून ही पर्यावरणाला बरी, असं लोक म्हणतील. त्यावर अडीच-तीन किलो इपॉक्सी आहे, ते मातीत जिरणार नाही.

---

खाडाखोड | २६ मे, रात्री १०:२०

मान्य. मी तसा दावा करणार नाही. फोमची फळी तुटली की कचऱ्यात जाते, ही वीस वर्षं दुरुस्त करत वापरीन, एवढंच.

---

खाडाखोड | १६ नोव्हेंबर, रात्री ११:३०

धागा वर काढतोय. काल-आज रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्याला जाऊन आलो.

फळी गाडीच्या टपावर, खाली जुन्या गोधड्या. मलकापूर सोडून आंबा घाट उतरायला लागलो आणि डोक्यावर "टक" झालं. मग परत "टक… टक". आधी वाटलं दोरी सैल झाली. मुलगी एकदम म्हणाली, "बाबा, स्क्रू?"

आदल्या रात्री फळी पुसताना पाणी जाऊ नये म्हणून मीच बंद केला होता.

साखरप्याला चहाच्या टपरीसमोर गाडी घातली आणि स्क्रू फिरवला. शेवटच्या आट्याला "स्स्स" करून हवा आत गेली, कुकरची शिटी उलटी ऐकावी तशी. दहा-बारा सेकंद चालू होतं. टपरीवाल्याने विचारलं, "पंक्चर काय?" शंकासुर, तुमची आठवण काढली, चांगल्या शब्दांत. एक फासळी थोडी सुटली असावी, ठोकल्यावर तिथे आवाज बदलतो.

भाट्याला लाटा गुडघ्याएवढ्या. मासेमारीवरून आलेले एक आजोबा फळीभोवती दोन फेऱ्या मारून गेले, मग बोटाच्या पेराने वाजवून म्हणाले, "पांगारो?" कडेला हात लावून ओळखलं, तेही कापडावरून! बाकीचं त्यांनी विचारलंच नाही.

पहिल्या दिवशी सात वेळा पडलो. फळी जड, त्यामुळे सुटते हळू, पण एकदा सुटली की छोट्या लाटेवरही चालतच राहते. आज सकाळी ओहोटीला उभा राहिलो. मुलीने मोजले. नऊ सेकंद.

---

मिरजेची खुंटी | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मुबारक. आत पाणी गेलं का?

---

खाडाखोड | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

घरी आल्यावर शेपटी खाली करून स्क्रू काढला. चहाचे दोन चमचे निघाले. जिभेला लावून पाहिलं, खारट. पंख्याच्या बुडाशी संशय आहे.

---

मिरजेची खुंटी | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

साबणाचं पाणी लावा आणि स्क्रूच्या भोकातून तोंडाने फुंका. फक्त तोंडाने. सायकलचा पंप लावलात तर तबली उडेल.

---

खाडाखोड | १७ नोव्हेंबर, रात्री ८:१५

सापडलं. पंख्याच्या डाव्या बाजूला केसाएवढी फट, एकच बुडबुडा येतो, फुटतो, परत येतो. आठवडाभर उलटी टांगून वाळवतो, मग इपॉक्सी भरतो. सुटलेल्या फासळीचं बघू.

---

बेदाणा | १७ नोव्हेंबर, रात्री ८:४०

कापड किती उरलंय? पांगाऱ्याच्या दोन फळ्या अजून माझ्या शेडमध्ये आहेत, आणि आमचं बारकं विचारतंय.